कोरडवाडी कुठं गेली?

“आणि कोरडवाडी कुठं गेली?”

गिरीबाबांनी शेवटचं पान उलटलं आणि एवढंच विचारलं.

विश्वासराव रणनवरे चपापले. त्यांना शाबासकी हवी होती. पाटबंधारे खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेला माणूस. चार वर्षं गावोगाव हिंडून रणनवऱ्यांचा कुलवृत्तांत लिहिला, आठ पिढ्या जुळवल्या, आणि छापायला देण्याआधी लहानपणीच्या गुरूंपुढं आणून ठेवला. पहिल्या पानावर बाबांच्या आशीर्वादासाठी जागासुद्धा सोडली होती.

मी मठात वाढपी. दुपारची पंगत बसली होती. मी आत-बाहेर करत होतो, पण कान ओसरीवर होते, खोटं कशाला बोलू? पंगतीत त्या दिवशी परमुलखातला एक म्हातारा होता. त्याला आपण होऊन काही सांगू नकोस, असं बाबांनी मला आधीच बजावलं होतं.

“कोरडवाडी आता नाही, बाबा,” विश्वासराव म्हणाले. “तिचं अमृतनगर झालं, त्याला पन्नास वर्षं झाली.”

हे आम्हाला काय नवं? कोरडवाडीत पाणी नाही म्हणून तिथं कुणी लेक देत नसे. सोयरीक जमत आली की मुलीची आई विचारायची, पाण्याला किती लांब जावं लागतं, आणि पाहुणे चहा न पिता उठायचे. पुढं कालवा आला. गावानं ग्रामसभा घेऊन नाव बदललं, आणि जुनं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही असंही ठरवलं. अजून तिथं जाऊन कोरडवाडी म्हणून बघा, तुम्हाला बसा म्हणणार नाहीत. अशी मानी माणसं!

विश्वासराव त्याच गावचे. आठही पिढ्यांपुढं त्यांनी एकच जन्मगाव लिहिलं होतं, अमृतनगर. ज्यांनी ते नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं, त्यांच्याही पुढं.

“जन्मले तेव्हा गावाला जे म्हणत होते, ते लिहायचं,” बाबा म्हणाले. “आजचं नाव हवं तर शेजारी लिही.”

विश्वासरावांचा आवाज चढला. “मग माझ्या नातवंडांनी काय वाचायचं? आपण पाण्याला महाग असलेल्या गावचे? नकाशात आज जे नाव आहे, तेच लिहिलंय मी. पुढच्यांना सापडलं पाहिजे.”

“आणि मागच्यांना?”

विश्वासराव चष्मा काढून पुसू लागले.

“बयाजीचं पान काढ. वाच.”

बयाजी म्हणजे त्यांच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ. विश्वासरावांनी चष्मा लावला आणि भाषणाला उभं राहिल्यासारखं खणखणीत वाचलं.

“बयाजी. जन्म अमृतनगर. मोठ्या दुष्काळात घागरभर पाण्यावरून भावाशी तंटा झाल्याने अमृतनगर सोडून तंजावरकडे गेला. निर्वंश.”

“अमृतनगरात घागरभर पाण्यावरून तंटा,” बाबा म्हणाले.

मला हसू आवरेना. भाताचं पातेलं उचललं आणि आत सटकलो.

परत आलो तेव्हा बाबा विचारत होते, बयाजी निर्वंश कशावरून. विश्वासरावांनी छाती काढून सांगितलं, की त्यांनी सगळी भावकी पालथी घातली होती. दीडशे वर्षांत त्या शाखेचं कुणी विचारत आलं नव्हतं.

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही.”

बाबांनी अंगणाकडं बघत विचारलं,

“आज सकाळी एस्टी स्टँडवर होतास?”

होतो, म्हणाले विश्वासराव. त्यांच्या मुलाची गाडी येणार होती.

“कुणी काही विचारलं?”

विश्वासरावांनी आठवलं. हो, एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं. मराठीच बोलत होता, पण हेल निराळा. कोरडवाडी इथून किती लांब, म्हणाला. भोवती चार ओळखीची माणसं उभी होती. त्यांच्यासमोर ते नाव ऐकून विश्वासरावांचं टाळकंच फिरलं.

“काय सांगितलंस?”

“म्हटलं…” त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा उतरला. “म्हटलं, या तालुक्यात असं गाव नाही. कधी नव्हतंच. मी इथला इतिहास लिहिलाय, मला विचारा.”

“तो कोण, कुठला, विचारलंस?”

“नाही.”

“मी विचारलं,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी सावकाश सांगितलं. म्हातारा तंजावरचा. घरात लग्न निघालं की देवक बसवताना घरातला थोरला माणूस मोठ्यानं म्हणतो, आम्ही कोरडवाडीचे रणनवरे. गाव कुणी पाहिलेलं नाही. शंभूमहादेवाच्या डोंगराच्या बाजूला कुठंतरी आहे, एवढंच ठाऊक. डोळे मिटायच्या आत त्या गावची माती एकदा कपाळाला लावायची, म्हणून म्हातारा दोन दिवस गाड्या बदलत इथवर आला. आता तसाच परत निघालाय, तीनच्या गाडीनं.

“ते नाव घेताना त्याची मान बघायला हवी होतीस, विश्वास,” बाबा म्हणाले. “राजाच्या गावचं नाव घ्यावं, तशी.”

विश्वासरावांच्या मांडीवरून आठ पिढ्या घसरल्या आणि ओसरीभर पसरल्या. त्यांनी त्या गोळा केल्या नाहीत. मला त्यांची फार दया आली. एवढा ताठ माणूस!

“दीडशे वर्षांनी आला…” ते म्हणाले. “आणि मीच त्याला… बाबा, गेला का तो?”

बाबा उठले. माझ्या हातातला ताकाचा तांब्या घेतला आणि विश्वासरावांच्या हातात दिला.

“तुझा निर्वंश आत जेवतोय. जा, ताक वाढ. तो पुन्हा गाव विचारील.”