तांबीने न नेलेलं पिल्लू

फार वर्षांपूर्वी एका रानात मोठा वणवा लागला. आयांपासून ताटातूट झालेली पिल्लं एका म्हाताऱ्या नीलगाईने डोंगराच्या कपारीत सांभाळायला घेतली. तिथे दाटी होती, गारठा होता. म्हणून ती रानभर फिरून विनवायची, “थोडे दिवस एखादं पिल्लू घरी न्या. त्याचं कुणी आलं की परत द्या.”

तांबी नावाच्या सांबरिणीने चितळाचं एक पाडस नेलं. महिनाभर त्याला दूध पाजलं, अंगाशी घेऊन निजवलं. मग एके सकाळी पाडसाची मावशी शोधत आली. पाडस उड्या मारत तिच्यामागे गेलं. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तांबीने दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी नीलगाय आली. “भेकराचं पिल्लू आलंय गं. फार अशक्त आहे. नेतेस का?”

“नको, आजी. जीव लावायचा आणि पुन्हा तोडायचा, मला नाही सोसवत.”

नीलगाय कपारीकडे परतली.

आठवडा गेला. एकटेपण तांबीला खायला उठलं, तशी ती आपणहून कपारीत गेली. “कुठाय ते भेकराचं पिल्लू? नेते मी.”

नीलगाईने मान खाली घातली. “परवाच गेलं.”

“कोण आलं होतं न्यायला?”

“कुणीच नाही, बाई. थंडीने गेलं. कुणाची कूस मिळाली असती, तर जगलं असतं.”

कोपऱ्यातल्या गवतात पिल्लाच्या अंगाचा खळगा तसाच होता. तांबी त्याच्या शेजारी बसली. बाकीची पिल्लं हळूहळू तिच्या उबेला सरकू लागली, पण तिची नजर त्या खळग्यावरून हलेना.