खारूताईचा तेरावा महिना

एक होतं चिंचेचं झाड. त्याच्या ढोलीत राहायची खारूताई, तिची तीन पिल्लं आणि त्यांचं खाऊचं इवलंसं दुकान. समोर बोकोबाचं भलंमोठं दुकान. त्याचा ढोलीवर डोळा. "वर्षभरात गिऱ्हाईक जमव, नाहीतर चालती हो!" तो गुरगुरला.

खारूताईनं सालीवर वर्षाचे बेत कोरले. दिवाळीत करंजीवर चकली फुकट, संक्रांतीला तिळगुळावर बोरं, चैत्रात डाळीवर पन्हं. बोकोबानं बाराही बेत चोरले अन् गिऱ्हाईक पळवलं. तेरावा मात्र वाचून तो खदखदून हसला.

"अधिक महिन्यात ना लग्न, ना सण! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. निघ आता!"

"महिना सरू दे, बोकोबा. तोवर मी तसूभर हलायची नाही."

बोकोबा दुकान बंद करून झोपला. खारूताईनं तांदूळ भिजत घातले अन् ओरडली, "जावयाला तेहतीस अनारसे घ्या, चौतिसावा लेकीला फुकट!"

गावच्या झाडून साऱ्या सासवा धावल्या. लेकीची आठवण आजवर कुणी ठेवली होती?

रांगेत पहिली होती बोकोबाचीच सासू. तिनं ते तेहतीस अनारसे जावयापुढेच आणून ठेवले, अन् बोकोबाची मान खाली गेली. ढोली खारूताईचीच राहिली, अन् पिल्लांच्या घरात पुढं कधी चूल विझली नाही.