तोंडभर गाळ

एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक घोरपड राहत असे. वयाने ती सगळ्यांत मोठी होती, म्हणून लहानथोर सगळेच तिला मावशी म्हणत. मावशी फार भिडस्त होती. कुणी काही काम सांगितले की तिच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघतच नसे.

त्या माथ्यावर कातळात कोरलेले पाण्याचे एक टाके होते. फार जुन्या काळी माणसांनी ते छिन्नीने खोदले होते. आत उतरायला पायऱ्या होत्या आणि तळाशी एका बारीक भेगेतून बारमाही झरा पाझरत असे. माणसे केव्हाच डोंगर सोडून गेली, टाके मात्र राहिले. भर उन्हाळ्यात खालचे ओढे आटले की साऱ्या डोंगराची तहान ते एकटे टाके भागवी.

तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांत ते बुजले कसे नाही? पावसात वरची माती वाहून टाक्यात येते, पाने पडून कुजतात, गाळ साचतो. पण त्या डोंगरावर एक रीत होती. टाक्यावर येणाऱ्याने पोटभर पाणी प्यावे आणि जाताना तोंडभर गाळ उचलावा. तो गाळ उतारावरच्या एखाद्या झाडाच्या मुळाशी टाकावा. गव्याचे तोंड मोठे, तो मोठा घास उचली. बुलबुलाची चोच एवढीशी, तो चिमूटभर उचली. कुणी कुणाचे मोजत नसे. टाके स्वच्छ राही आणि डोंगराची माती डोंगराला परत मिळे.

याच डोंगरावर एक कोल्हा होता. त्याला सभा भरवायची फार हौस. एकदा त्याने सगळ्यांना मोठ्या खडकापाशी बोलावले आणि घसा साफ केला.

"मित्रहो! हे टाकं म्हणजे आपल्या पूर्वजांचा ठेवा आहे. त्याचं रक्षण झालंच पाहिजे!"

"होतंय की रोज," वानर झाडावरून म्हणाले. "सकाळीच घास टाकून आलो मी."

"असं विस्कळीत काम काय कामाचं? एक जबाबदार राखणदार नेमला पाहिजे." कोल्ह्याने सगळीकडे नजर फिरवली आणि ती घोरपडीवर थांबली. "मावशी, तुम्हीच! काय तुमची पकड, काय तुमची नखं!"

"अरे, मला कुठे जमणार..." मावशी लाजली. मग सगळ्यांचे चेहरे पाहून पुटपुटली, "बरं. तुम्ही म्हणताच आहात तर."

मावशीच्या गळ्यात रानफुलांची माळ पडली. सगळे हलक्या मनाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बुलबुल पाणी प्यायला आणि सवयीने गाळाकडे वाकला. "काय रे, एवढी खटपट कसली?" वानराने त्याला चिडवले. "मावशी आहे ना आता!" बुलबुल ओशाळला आणि रिकाम्या चोचीने उडून गेला. मग गवा रिकाम्या तोंडाने गेला, हरिणी गेली, वानर तर पहिल्याच दिवशी गेले होते. थोड्याच दिवसांत गाळ उचलणारी एकटी मावशी उरली. सगळे तिला जाता-येता म्हणत, "काय मावशी, काम जोरात!" आणि ती मान हलवून म्हणे, "हो हो, चाललंय." कोल्हा शेजारच्या डोंगरावरचे पाहुणे आणी आणि ऐटीत सांगे, "हे आमचं टाकं, आणि या आमच्या राखणदार." पाहुणेसुद्धा पाणी पिऊन, तृप्तीचा ढेकर देऊन निघून जात.

मुलांनो, तुम्हाला या सगळ्यांचा राग आला असेल, तर तो येऊ द्या. मलाही येतो.

दोन पावसाळे गेले. गाळ एकेक पायरी गिळत वर आला. उतारावरची माती झिजली आणि जुन्या जांभळीची मुळे उघडी पडली. मग कडक उन्हाळा आला, आणि एका सकाळी टाक्यावर आलेल्या प्राण्यांना पाण्याच्या जागी नुसता लाल चिखल दिसला.

"मावशीचं लक्षच नाही!" गवा फुरफुरला.

"गळ्यात माळ पडली की असंच होतं," वानर म्हणाले. "कुठेतरी ऊन खात पडली असेल."

कोल्हा लगेच खडकावर चढला. "मित्रहो, शांत व्हा! आपल्यापुढे दोनच मार्ग आहेत. नवा राखणदार नेमायचा, नाहीतर डोंगर सोडून खाली नदीकडे जायचं."

"खाली?" हरिणी दचकली. तिचे पाडस तिच्या पोटाला चिकटून उभे होते. "हे आत्ता कुठे उभं राहायला लागलंय. एवढं चालणार कसं? आणि याच डोंगरावर जन्मलो ना आपण सगळे?"

सगळे पुन्हा वादाला लागले. हरिणी पाडसासाठी घोटभर पाणी मिळते का ते पाहायला पायऱ्या उतरली. शेवटच्या उघड्या पायरीवर ती थबकली. चिखलातून दोन डोळे तिच्याकडे पाहत होते.

ती मावशी होती. झऱ्याचे तोंड मोकळे करायला ती आदल्या दिवशी खोल शिरली होती, आणि वरचा गाळ तिच्या अंगावर घसरला होता. मानेपर्यंत ती त्यात रुतली होती.

"मावशी! अगं, हाक का नाही मारलीस?"

"सगळे बोलत होते, मधेच कशी बोलू?" मावशीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आणि काम तर माझंच ना! झरा इथेच आहे गं, माझ्या पोटाखाली. गार लागतोय. पण नखं पोचेनात."

हरिणीने मान वाकवली, मावशीच्या गळ्यापाशी तोंड घातले, तोंडभर गाळ उचलला आणि वर निघाली. पाडस तिच्या मागे धडपडत चालले. तिची वाट पाहत मावशीने डोळे मिटून घेतले होते. ते उघडले तेव्हा हरिणी परत आली होती, आणि तिच्या मागे बुलबुल होता.

मग काय चालले आहे ते पाहायला गवा पायऱ्यांवरून बिचकत उतरला, आणि त्यालाही चिखलातली मावशी दिसली. वानर दोन्ही हातांनी उपसू लागले. वाद आपोआप थांबला, कारण सगळ्यांची तोंडे गाळाने भरली होती. टाक्याचा विचार तेव्हा कुणाच्याच मनात नव्हता. मावशी सुटली पाहिजे, एवढेच सगळ्यांना कळत होते. गाळ घेऊन वर आले की त्यांचे पाय मात्र आपसूक उताराकडे वळत आणि जांभळीच्या उघड्या मुळांपाशी थांबत. त्या पायांना रीत आठवत होती.

आधी मावशीचे खांदे दिसले, मग पुढचे पाय. गव्याने आपले शिंग खाली केले. मावशीने त्याला घट्ट पकडले आणि गव्याने अलगद तिला वर ओढून घेतले.

ती जिथे अडकली होती तिथल्या खळग्यात एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग केसासारखी बारीक, नितळ धार वर आली आणि खळगा भरू लागला. पहिला घोट पाडसाने घेतला. दुसरा मावशीने.

एवढा वेळ खडकावर उभा असलेला कोल्हा आता खाली आला. तोही भरपूर पाणी प्यायला, आणि मग त्याने घसा साफ केला. "मित्रहो! आजच्या या ऐतिहासिक प्रसंगी आपल्या लाडक्या मावशींचा भव्य सत्कार..."

"नाही," मावशी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिले. हा शब्द तिच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. तिलाही तो नवाच वाटला असावा, कारण तिने तो पुन्हा एकदा, जरा सावकाश म्हणून पाहिला.

"नाही रे बाबा. सत्कार नको, आणि राखणदारही नको. तू पाणी प्यायलास ना? मग आधी तोंडभर गाळ उचल."

कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिले. कुणीच त्याच्या मदतीला आले नाही. शेवटी त्याने तोंड चिखलात घातले आणि जांभळीच्या वाटेला लागला. वाटेत त्याला पुष्कळ काही सांगायचे होते, पण तोंड भरलेले असल्यामुळे त्याला काहीच बोलता आले नाही.

तात्पर्य : आपल्या डोंगराला राखणदार नेमला म्हणून आपले काम संपत नाही; जो त्याचे पाणी पितो, त्याने स्वतः वाकून त्याचा गाळ उचलला, तरच डोंगर राहतो.