सगुण मेस्त्री आणि दोन जपानी लढाया

कोकणातल्या एका गावात एक दशावतारी नट होता. नाव सगुण मेस्त्री. दाढी गुळगुळीत करून, नऊवारी नेसून तो रंगमंचावर आला की बायकासुद्धा टक लावून बघायच्या. नाटकात राक्षस मारला जायचा आणि सगुण त्याची राणी होऊन असा विलाप करायचा, की मघाशी राक्षसाला शिव्या देणारेच डोळे पुसू लागायचे. सगुणाला आपल्या या कलेचा भारी अभिमान होता आणि तो लपवायची त्याला मुळीच सवय नव्हती.

एकदा गावच्या वाचनालयात मोठा टीव्ही आला. आठवी-नववीच्या मुलांनी हट्ट धरला, की सुट्टीत त्यावर जपानी ॲनिमे लावायच्या. म्हणजे हलत्या चित्रांच्या मालिका. पण त्यांत तलवारी चालायच्या, मुंडकी उडायची. पालकांचं धाबं दणाणलं. नाही म्हणावं, तर मुलं मोबाईल घेऊन माळ्यावर चोरून बघणार, हे उघड होतं. शेवटी नाटकातला जाणकार म्हणून पालकांनी निवाडा सगुणावर सोपवला. मुलांची पुढारी त्याचीच मुलगी मयूरी. बाप नाहीच म्हणणार असं धरून तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

"सगुणानू, रगात दिसलां की बंद करा," सरपंचबाईंनी बजावलं.

मुलांनी निवडलेल्या दोन मालिका बघायला सगुण मांडी घालून बसला. पहिली मालिका एका तलवारबाज पोराची. पहिल्याच घावाला पडदा लालेलाल झाला. सरपंचबाईंनी तोंड फिरवलं. सगुण मात्र पुढे सरकला. काय ती लढाई! पोराने गिरकी घेतली तशी सगुणाची बोटं मांडीवर पखवाज वाजवू लागली. शेवटी राक्षस पडला. त्याची धाकटी बहीण धावत आली, भावाचं डोकं मांडीवर घेऊन रडू लागली, आणि जिंकलेल्या पोराला वर मान करून तिच्याकडे बघवेना. सगुणाने डोळे पुसले.

दुसरी मालिका मयूरीची लाडकी. झकास रंग, त्याहून झकास गाणं. नायक एका फुंकरीत गावंच्या गावं उडवायचा. रक्ताचा थेंब नाही. माणसं नुसती धूर होऊन जायची आणि नायक दर वेळी एक विनोद फेकायचा. मुलांनी शिट्ट्या मारल्या. सगुणाने तर उठून टाळ्या पिटल्या.

"ही चलात," सरपंचबाई खुशीत म्हणाल्या. "हेच्यात रगात खय आसा?"

सगुण खाली बसला. टाळ्या पिटणारे आपले हात त्याने मांडीखाली घेतले.

"पयली लावा," तो म्हणाला. "दुसरी नको."

मयूरीला आता राहवेना. अबोला विसरून ती उसळली, "बाबा, तुमीच टाळ्यो वाजवल्यात. तुमका आवडलां ना?"

चारचौघांत कबूल करणं जड होतं. आवडलं नाही असं म्हटलं असतं, तर पोरीपुढे बापाचा मान राहिला असता.

"खूप आवडलां," सगुण म्हणाला. "म्हणानच माका भय वाटलां. पयल्यात एकटो राक्षस मेलो, त्येच्यासाठी रडणारां कोणतरी होतां. हयसर अख्खो गाव गेलो आणि मी टाळ्यो वाजवल्यंय. त्या गावासाठी कोण रडलां?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मयूरीला ती मालिका तोंडपाठ होती. तिने पहिल्यापासून आठवून बघितलं. एक आई नाही, एक भाऊ नाही, साधा शेजारीसुद्धा नाही. तिचा चेहरा उतरला.

"कोणच नाय," ती म्हणाली. "मगे पयलीच लावतंय. पण तुमी वांगडा, माझ्या बाजूक, बसूक होयां."

"बसतंय," सगुण म्हणाला. आनंदाने त्याने लगेच सरकून जागा केली. मयूरी त्याच्याशेजारी येऊन टेकली, आणि तलवार त्या पोराने उजव्या हातात धरायला हवी होती की डाव्या, यावरून बापलेकींचं जोरदार भांडण जुंपलं.

तात्पर्य: मुलांनी काय बघावं हे पडद्यावर रक्त किती सांडलं यावरून ठरवू नये, गोष्टीत मरणाऱ्याची किंमत कोणाला आहे का, हे मुलांशेजारी बसून बघावं आणि मग ठरवावं.