सहा थरांची भिंत

ज्या गोष्टीत शिकवणारेच चुकतात ती मुलांना सांगू नये, असे मला बजावलेले आहे. तरी सांगते.

एकदा एका विद्यापीठात नवा नियम झाला. प्रवेशाला येणाऱ्या प्रत्येकाने आधी पात्रता-चाचणी द्यावी. जो उतरणार नाही त्याने वर्षभर पूर्वतयारीच्या वर्गात बसावे. चाचणी वृद्ध आचार्यांनी काढली होती. उत्तरे तपासायला त्यांचा आवडता शिष्य बसला. आचार्यांनी लिहून दिलेली बरोबर उत्तरांची यादी त्याच्यापुढे होती.

एक प्रश्न असा होता: तीन माणसे मातीची भिंत सहा दिवसांत घालतात, तर सहा माणसे किती दिवसांत घालतील? भिंती घालणाऱ्या एका कारागिराच्या मुलीने लिहिले, 'सहाच.' यादीत 'तीन' होते. शिष्याने फुली मारली. तेवढ्या एका फुलीने ती अपात्र ठरली.

"ओल्या थरावर थर चढत नाही, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "दिवसाला एकच. माणसं कितीही लावा."

"अगं, हा भिंतीचा प्रश्न नाही, त्रैराशिकाचा आहे," शिष्य हसला.

तिचा बाप दाराशी उभा होता. "वर्षभर थांबणं व्हायचं नाही, महाराज. यंदा प्रवेश मिळाला तर शिकवीन, नाहीतर लग्न उरकीन, असा सोयऱ्यांना शब्द दिलाय."

"नियम सर्वांना सारखा," शिष्य म्हणाला. मुलगी बापामागून निघून गेली.

आठ दिवसांनी आचार्यांच्या हाती ती उत्तरपत्रिका आली. मुलीचे म्हणणे शिष्याने त्यांना हसत सांगितले. दुसऱ्या सकाळी त्यांनी सहा गडी बोलावले आणि शिष्याला आज्ञा केली, "सहा थरांची भिंत. तीन दिवसांत उभी कर."

गड्यांच्या मुकादमाने कपाळाला हात लावला. "दिवसाला दोन थर? ही भिंत आहे की पोळ्यांची चळत?"

"यादीत तसेच आहे," आचार्य म्हणाले.

तिसऱ्या दुपारी पाचव्या थराला भिंतीला पोट आले आणि ती बसली. शिष्य गुडघ्यापर्यंत चिखलाने माखला.

"यादी माझी, फुली तुझी," आचार्य म्हणाले. "मातीत हात दोघांचाही गेला नव्हता. तिला जे येत होते तेच आपण विचारले. तिने सांगितले, तेव्हा ते आपल्याला समजले नाही. 'अपात्र' हा शब्द आपण चुकीच्या नावापुढे लिहिला."

"मी आत्ता जाऊन तिला घेऊन येतो!"

"जा. पण आपल्याला शिकायला अकरा दिवस लागले आहेत."

शिष्य गावात पोचला तेव्हा दारातला मांडव उतरवत होते. मुलगी बैलगाडीत बसली होती.

"तुझे उत्तर बरोबर होते," तो धापा टाकत म्हणाला.

"ते मला ठाऊक होतं, गुरुजी. मला वाटलं होतं, निदान तुम्ही—"

"सूनबाई, नीट धरून बसा गं," पुढून हाक आली, आणि गाडी हलली.

ते अर्धे वाक्य शिष्य पुढे आयुष्यभर पुरे करीत राहिला. आणि दर वेळी ते निराळे होई.