राजाचं शीत, दरबाराचा भात

"चौदा सक किती?" दरबारासह परीक्षा घ्यायला आलेल्या महिपतराजांनी विचारलं आणि पाठशाळेवर संकटच कोसळलं.

प्रश्न होता गोदीला. आता पंतोजींची मुलं रोज सांजेला एका सुरात डुलत पाढे म्हणायची. पाढा म्हणजे त्यांच्या लेखी गाणंच. गोदीने डोळे मिटले, मान डोलवली आणि सुरुवात केली, "चौदा एके चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस..."

"मधलंच सांग. पहिल्यापासून नको," राजे खेकसले.

झालं! पोर जी अडली ती अडलीच.

"हिला ओ की ठो येत नाही. शितावरून भाताची परीक्षा! एक शीत कच्चं, म्हणजे सगळं पातेलं कच्चं. पाठशाळा बंद. उद्यापासून इथे आमचे घोडे बांधा."

पंतोजी नुसते हात जोडून उभे राहिले. प्रधान तर लगेच खुंट्यांना जागा शोधू लागले. अशा वेळी राजासमोर बोलणार कोण? बोलली ती तानूबाई, पाठशाळेची जमीन सारवणारी. गोदी तिची नात. सात पिढ्यांत अक्षर गिरवणारी ही पहिलीच पोर, आणि आता तिच्याच पायी शाळा बुडायची वेळ आली होती. पण गप्प बसेल तर ती तानूबाई कसली! शेणाचे हात धुऊन ती पुढे आली.

"महाराज, न्याय चोख झाला. पण याच मापाने मलाही एक प्रश्न विचारू द्या. हरले तर नातीला घेऊन गाव सोडीन."

"विचार."

"कुलदेवीची आरती आपण म्हणता ना?"

"लहानपणापासून. एक दिवस चुकवली नाही."

"मग तिच्या तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ सांगा."

"हात्तिच्या!" राजांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग ओठ हळूच पुटपुटू लागले आणि हातांनी टाळीचा ठेका धरला.

"अंहं. पहिल्यापासून नको, महाराज."

राजांनी आशेने प्रधानांकडे पाहिलं. प्रधानांचेही ओठ हलत होते. सेनापती छताकडे बघत बोटं मोजत होते. राजपुरोहितांना नेमका खोकला लागला होता.

"म्हणजे आरती येत नाही आपल्याला?" तानूबाईने विचारलं.

"येत नाही काय? तोंडपाठ आहे! फक्त पहिल्यापासून..." राजे बोलता बोलता थांबले. समोर गोदी डोळे पुसत उभी होती.

"शितावरून भाताची परीक्षा, हे आपलंच बोलणं," तानूबाई म्हणाली. "दरबारातलं सगळ्यात मोठं शीत तर कच्चं निघालं. मग घोडे नेमके कुठे बांधायचे? शाळेत, की दरबारात?"

राजांच्या मिशा थरथरल्या आणि दुसऱ्याच क्षणी ते पोट धरून हसू लागले.

"घोडे आपले पागेतच बरे! गोदे, म्हण बाई, अगदी पहिल्यापासून."

गोदी जी सुटली ती चौदा सक चौऱ्याऐंशी मागे टाकून थेट एकोणिसाच्या पाढ्यापर्यंत पोचली. राजांनी तानूबाईला दुभती म्हैस दिली आणि हुकूम काढला, की यापुढे प्रत्येक परीक्षेला तिने परीक्षकाच्या शेजारी बसायचं.

"पण महाराज," प्रधानांनी हळूच विचारलं, "ती ओळ कोणती हो?"

"थांबा, सांगतो," राजे म्हणाले. ते उठून उभे राहिले, टाळी धरली आणि पहिल्या कडव्यापासून खणखणीत आवाजात आरती सुरू केली. मग काय, अख्ख्या दरबाराला हात जोडून शेवटच्या कडव्यापर्यंत उभं राहावं लागलं.