गेटवरचा सुविचार

शाळेच्या अध्यक्षांचा चहा होईपर्यंत सरोदेबाई दारातच उभ्या राहिल्या. त्याची त्यांना आता सवय झाली होती.

दहावीतल्या मृण्मयीला मुली आवडतात, हे वर्गात फुटलं आणि जिन्याच्या भिंतीवर तिच्याबद्दल एक घाणेरडी ओळ उमटली. बाई पुसायच्या, पोरं पुन्हा लिहायची. आज तीच ओळ तिच्या बाकावर होती आणि पोर रडत घरी गेली होती.

अध्यक्ष तात्यासाहेब पिंगळ्यांनी बाईंच्या मोबाइलवर बाकाचा फोटो पाहिला आणि ते हसले. "अहो बाई, गंमत करतात पोरं. शब्दांनी काय अंगाला भोकं पडतात?"

गेटवरच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिला जाई. तो कोणाचाही असला, तरी खाली नाव तात्यासाहेबांचंच असे.

"बरं," बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मग उद्या सुविचार म्हणून हीच ओळ लिहिते. खाली तुमचं नाव."

तात्यासाहेब ताडकन उठले. "माझ्या नावाने ही घाण?"

"तिच्या नावाने दिवाळीपासून आहे, साहेब."

"कुणाच्याही नावाने असली घाण लिहिलेली मी या शाळेत खपवून घेणार नाही!"

"मग हेच लिहिते," म्हणत बाई खडू घ्यायला निघाल्या.

सकाळी अख्ख्या शाळेने ते वाक्य वाचलं. शिपाई दोन पोरांना भिंत घासायला घेऊन गेला. मृण्मयी गेटपाशी जरा थांबली, मग वर्गात गेली.

तात्यासाहेबांच्या नावाने इतकी वर्षं सुविचार झळकले. खरोखर त्यांचा असा तो पहिलाच.